नारू गेला, जंत का राहिले?

(छत्रपती संभाजीनगर येथील आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



बाळाच्या दुधात वावडिंग उकळून घालण्याची रीत आपल्या घराघरांत आहे. वावडिंग म्हणजे विडंग. कृमिघ्न द्रव्यांत ते श्रेष्ठ, असे चरकसंहिता सांगते. आजीबाईच्या बटव्याने हे ज्ञान संस्कृत न शिकलेल्या घरांतही जपले.

परंतु चरकाचार्य औषध सांगून थांबत नाहीत. विमानस्थानाच्या ७ व्या अध्यायात ते कृमींचे २० प्रकार वर्णितात : बाह्य मलज २, रक्तज ६, कफज ७ आणि पुरीषज ५. चिकित्सेच्या पायऱ्या ३. अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणे. प्रकृतिविघात, म्हणजे तिखट, कडू, तुरट, उष्ण द्रव्यांनी कृमींना पोसणारी शरीरस्थिती पालटणे. आणि निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाचे कारणच टाळणे. पहिल्या दोन पायऱ्या वैद्याच्या हाती आहेत. तिसरी आपल्या हाती.

या तिसऱ्या पायरीचे सामर्थ्य नारूने दाखवून दिले. नारूचा रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जखमेतून कृमीची पिल्ले पाण्यात पडत, सूक्ष्म जलपिसवांत वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या देहात शिरत. सुमारे वर्षभराने हातभर लांब कृमी त्वचेतून बाहेर पडे. यावर ना लस होती, ना खात्रीचे औषध. तरीही गावोगाव पाणी फडक्याने गाळले गेले, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त झाल्या, हातपंप आले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांना ग्रासणाऱ्या या रोगाचा देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला.

मग पोटातील जंत अद्याप का टिकून आहेत? त्यांची अंडी उघड्यावरील विष्ठेतून मातीत मिसळतात. न धुतलेल्या हातांनी व भाजीपाल्यातून पोटात जातात. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या त्वचेतूनच शिरतो आणि आतड्यात रक्त शोषतो. शेतात राबणारी माता आणि अंगणात खेळणारे मूल त्यामुळे पांडुरोगाने कोमेजते.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल दिले जाते. ती गोळी मुलांना अवश्य द्यावी. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्याने ती नाकारण्याचे कारण नाही, कारण तेही अपकर्षणच आहे. मात्र ती आज पोटात असलेले जंत मारते, उद्या येणारे रोखत नाही. अंगण तसेच राहिले, तर मूल काही महिन्यांत पुन्हा जंतांनी ग्रस्त होते.

म्हणून सेवावस्तीत जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने औषधासोबत साबण, नखे कापण्याची सवय, पायात चप्पल आणि शौचालयाचा नित्य वापर यांचाही आग्रह धरावा. जे नारूच्या बाबतीत साधले, ते जंतांच्या बाबतीतही साधेल.