पंप कपाटात का लपवतो आपण?

कानात हेडफोन असतील तर आधी एक खोल श्वास घ्या. सहज आला ना? गेल्या दिवाळीत, रात्री दोन वाजता, माझ्या सात वर्षांच्या भाचीला तो येत नव्हता. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. वाक्य पुरं होत नव्हतं. "मा... मा..." एवढंच.

तिला बालदमा आहे. डॉक्टरांनी रोज घ्यायचा पंप दिला होता. दोन महिने ती बरी होती, म्हणून ताईने मला विचारलं, "बंद करू का रे?" आणि मी, बीटेक झालेला शहाणा, म्हणालो, "बरी आहे ना? मग स्टिरॉइड कशाला?" डॉक्टरांना कुणी विचारलंच नाही.

ती वाचली. नंतर मला जे कळलं ते सांगतो. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. त्यात धूळ, धूर, सर्दी असं काही निमित्त झालं, की भोवतीचे स्नायू आवळतात. साल्ब्युटामॉलचा पंप ते स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सूज तशीच राहते. ती उतरवतो रोजचा, स्टिरॉइडचा पंप. त्याचं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण आधी तोच बंद करतो. सर्व्हर पडत नाहीये म्हणून त्याची देखभाल करणाऱ्यालाच काढून टाकावं, तसं.

आता ते नेहमीचं वाक्य: "पंपापेक्षा गोळी बरी." गणित करू. साल्ब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. गोळी ४ मिलिग्रॅमची घेतली, तर ती झाली ४० पफइतकी! शिवाय गोळी रक्तातून अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पफ थेट फुप्फुसात जातो.

लहान मुलांना पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकदम जमत नाही, त्यासाठी स्पेसर असतो. महाग वाटतो? १९९९ साली केपटाउनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवला, तर ती विकतच्या स्पेसरइतकीच काम करते. स्पेसर नसेल तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.

आणि बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर सकाळची वाट बघू नका. पंप देत देत थेट हॉस्पिटल गाठा.

पाहुणे आले की ताईच्या सासूबाई अजून पंप कपाटात ठेवतात. "मुलीची जात, उद्या लग्नाचं बघायचंय." भाची तो बाहेर काढते, पफ घेते, खळखळून चूळ भरते आणि खाली खेळायला पळते.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर पंप बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मला नको. मी एकदा चुकीचं उत्तर दिलंय.