चार गाणी, तीन शहरं



ऑगस्ट १९८८मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकाची एक छोटी तबकडी बाजारात आली. नाव ‘चाइम्स ऑफ फ्रीडम’. गाणी फक्त चार. सगळी मिळून २४ मिनिटांच्या आसपास. चारही गाणी स्टुडिओच्या बंद दाराआड नव्हे, तर भर कार्यक्रमात, हजारो लोकांसमोर ध्वनिमुद्रित केलेली: दोन लॉस एंजेलिसमधली, एक डेट्रॉइटमधलं, एक स्टॉकहोममधलं.

अशा छोट्या तबकडीला ईपी म्हणतात. ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता, त्यांना एचएमव्हीच्या ४५ फेऱ्यांच्या ईपी आठवत असतील. एका बाजूला दोन भावगीतं, उलटली की आणखी दोन. त्या आटोपशीर मांडणीचा एक फायदा असतो. भरतीची गाणी घालायला जागाच नसते, त्यामुळे प्रत्येक गाणं निवडूनच घ्यावं लागतं.

स्प्रिंगस्टीनचा याआधीचा लाइव्ह संच नेमका उलट टोकाचा होता. नोव्हेंबर १९८६मध्ये आलेल्या त्या संचात पाच लाँग प्ले तबकड्या होत्या, दहा वर्षांच्या कार्यक्रमांतली ४० गाणी होती, आणि अमेरिकेच्या खपाच्या यादीत तो आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर गेला. संच भरघोस आहे, यात वाद नाही. पण लाइव्ह रॉक कसं ऐकावं हे शिकायचं असेल, तर ही चार गाण्यांची ईपी जास्त उपयोगी. कारण या चारांपैकी प्रत्येक गाणं आधी एका रूपात ध्वनिमुद्रित झालेलं होतं आणि मंचावर येताना ते बदललं. तो बदल प्रत्येक वेळी वेगळ्या जातीचा आहे. काय बदललं आणि का बदललं, एवढं कानाने टिपता आलं की लाइव्ह ध्वनिमुद्रण ही मूळ गाण्याची कच्ची नक्कल वाटत नाही.

आधी थोडं तंत्राविषयी. त्या काळी कार्यक्रमाच्या जागेबाहेर ध्वनिमुद्रणाची सामग्री असलेली गाडी उभी असे. ड्रम, बास, गिटार, सॅक्सोफोन, प्रत्येक गायकाचा आवाज यांच्यासाठी वेगवेगळे माइक असत आणि रुंद फितीवरच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर ते उतरवले जात. प्रेक्षकांच्या दिशेने तोंड केलेले माइक वेगळे. नंतर स्टुडिओत बसून या सगळ्याचं प्रमाण ठरवलं जाई. म्हणजे टाळ्या आणि आरोळ्या केवढ्या ऐकू याव्यात, हाही कुणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. बंदिस्त सभागृहात आवाज भिंतींवर आपटून परततो. उघड्या मैदानात तो वर आणि बाहेर निघून जातो. लॉस एंजेलिस आणि डेट्रॉइट इथली सभागृहं बंदिस्त होती, तर स्टॉकहोमचं स्टेडियम १९१२च्या ऑलिंपिकसाठी बांधलेलं, उघडं. ती दोन्ही अमेरिकन सभागृहं आता पाडली गेली आहेत. स्टॉकहोमचं स्टेडियम अजून उभं आहे.

पहिलं गाणं ‘टफर दॅन द रेस्ट’. ‘टनेल ऑफ लव्ह’ या १९८७च्या अल्बममधलं. तो अल्बम स्प्रिंगस्टीनने घरच्या स्टुडिओत केला आणि त्यातली बरीचशी वाद्यं स्वतःच वाजवली. नाचाच्या ठिकाणी आलेला, आयुष्यात थोडं पोळलेला एक माणूस समोरच्या बाईला सांगतो की प्रेमाची वाट अवघड आहे खरी, पण मी टिकाव धरणारा आहे. अल्बमवर हे एका माणसाचं बोलणं आहे. मंचावर मात्र पूर्ण बँड मागे उभा राहतो आणि पॅटी स्कॅल्फा ही गायिका त्याच्या सुरात सूर मिसळते. तेवढ्याने गाण्याचा अर्थ सरकतो. जिला विचारलं जातंय, तिचाही आवाज आता गाण्यात आहे. दोघांचे आवाज एकजीव केलेले नाहीत, तिच्या आवाजाची किनार वेगळी ऐकू येते, आणि ती तशीच राहू दिली हे फार बरं झालं.

दुसरं ‘बी ट्रू’. हे १९८१मधल्या एका सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं. अशी गाणी पुष्कळदा तिथेच पडून राहतात. सिनेमातल्या प्रेमात रमलेल्या मुलीला उद्देशून लिहिलेलं हे साधं, गोड गाणं आहे. १९८८च्या दौऱ्यात त्याला मंचावर मानाची जागा मिळाली. शेवटाकडे क्लॅरेन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन कान देऊन ऐकावा. धिप्पाड देहाच्या या वादकाचा स्वर रुंद आणि भरलेला आहे, भराभर सुरावटी टाकून चकित करण्याचा सोस त्याला नाही.

आता तिसरं गाणं, ज्याचं नाव ईपीला दिलं ते. ‘चाइम्स ऑफ फ्रीडम’ हे बॉब डिलनचं गाणं. ९ जून १९६४च्या रात्री न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत डिलनने एका बैठकीत अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला, त्यात हे होतं. गिटार, माउथ ऑर्गन आणि डिलनचा खरखरीत आवाज, एवढंच. प्रसंग असा: रात्री वादळ सुटलंय, दोघं जण एका दाराच्या आडोशाला उभे आहेत, वीज चमकते आहे, आणि त्यांना वाटतं की त्या लखलखाटात घंटा वाजताहेत. या घंटा परागंदा झालेल्यांसाठी आहेत, नाकारलेल्यांसाठी, ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही त्यांच्यासाठी. शब्दांची दाटी इतकी की डिलनचं गाणं ऐकताना आपण जवळजवळ वाचत असतो.

३ जुलै १९८८ला स्टॉकहोमच्या कार्यक्रमाचा पूर्वार्ध रेडिओवरून अनेक देशांत थेट प्रक्षेपित होत होता. त्याच मंचावरून स्प्रिंगस्टीनने जाहीर केलं की मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या ‘ह्यूमन राइट्स नाऊ’ या जगभराच्या दौऱ्यात तो सहभागी होणार आहे. त्या घोषणेला जोडून त्याने हे गाणं घेतलं. अभंग तोच राहावा आणि चाल बांधणाऱ्याने तो एकट्याच्या गळ्यातून काढून टाळकऱ्यांच्या मेळ्याला द्यावा, तसं इथे झालं आहे. डिलनने जे एकट्याने पाहिलं, ते स्प्रिंगस्टीन समुदायाला गायला देतो. धृपदाशी आलं की सोबतचे गायक सामील होतात, ऑर्गन मागून भरत जातो, ड्रम चाल धरून ठेवतात. शब्दांची दाटी आहे तीच, पण आता ती पायाने ताल धरत ऐकली जाते. यात काही गमावलंही आहे, हे मान्य करायला हवं. डिलनच्या गाण्यातला आडोशाचा एकांत इथे उरत नाही. पण स्टेडियममध्ये तो उरलाही नसता, आणि स्प्रिंगस्टीनने तो टिकवण्याचं नाटक केलेलं नाही.

स्टॉकहोमनंतर दोन आठवड्यांनी, १९ जुलैला, त्याने हेच गाणं पूर्व बर्लिनमध्ये गायलं. वाइसनझे इथल्या मैदानावरच्या त्या कार्यक्रमाची १,६०,००० तिकिटं विकली गेली होती. आयोजकांनी तिकिटांवर राजकीय घोषवाक्य छापल्याचं त्याला खटकलं होतं. म्हणून गाण्याआधी त्याने जर्मनमध्ये थोडक्यात सांगितलं की तो कुठल्या सरकारच्या बाजूने किंवा विरुद्ध गायला आलेला नाही, एक दिवस सगळे अडसर दूर होतील या आशेने आला आहे. बर्लिनची भिंत त्यानंतर सोळा महिन्यांनी, ९ नोव्हेंबर १९८९ला उघडली. एका गाण्याने भिंती पडत नाहीत. मात्र हेच गाणं तिथे का घेतलं, हे ईपीवरचं ध्वनिमुद्रण ऐकलं की कळतं.

ॲम्नेस्टीचा दौरा २ सप्टेंबरला लंडनमध्ये सुरू झाला आणि १५ ऑक्टोबरला ब्यूनस आयर्समध्ये संपला. एकूण २० कार्यक्रम. सोबत स्टिंग, पीटर गेब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि सेनेगलचा यूसू एन्दूर. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला त्या वर्षी ४० वर्षं होत होती.   ३० सप्टेंबरला दौरा दिल्लीत आला. जवाहरलाल नेहरू स्टेडियममधल्या त्या कार्यक्रमाला मुंबईत जन्मलेल्या टाइम्स ऑफ इंडियाच्या दीडशेव्या वर्षाचं निमित्त होतं. स्प्रिंगस्टीन ऐन भरात असताना भारतातल्या श्रोत्यांना त्याला समोर ऐकता आलं, ही आपल्याकडच्या रॉकप्रेमींच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

शेवटचं गाणं ‘बॉर्न टू रन’, आणि श्रवणाच्या दृष्टीने चारांतलं हेच सर्वांत श्रीमंत. मूळ गाणं १९७५चं. त्यासाठी स्प्रिंगस्टीनने जवळपास सहा महिने घालवले. गिटारींवर गिटारी, त्यांवर पियानो, सॅक्सोफोन, घंटिकांसारखं वाजणारं ग्लॉकेनश्पील असे थर चढवत नेले. कोंदट गावातून गाडी काढून प्रेयसीसह पळून जाऊ पाहणाऱ्या तरुणाचं ते गाणं, आणि ते खरोखर सुसाट पळतं. पुढे ते त्याची ओळख बनलं. कार्यक्रमात ते सुरू झालं की सगळं सभागृह गाऊ लागे.

१९८८च्या दौऱ्यात त्याने त्यातलं सगळं काढून घेतलं. बँड थांबवला. हातात साधी गिटार, गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन, लय खूपच संथ. त्या काळात तो हे गाणं घेण्याआधी श्रोत्यांशी बोलत असे: तेव्हा वाटलं होतं की दोघं पळून जाताहेत एवढंच, पण एवढ्या माणसांना गाड्यांत बसवल्यावर त्यांना न्यायचं कुठे हा प्रश्न उरलाच, ती माणसं खरं तर घर शोधत होती. तो तेव्हा ३८ वर्षांचा होता. पंचविशीत लिहिलेले शब्द एकही न बदलता त्यांचा अर्थ त्याने फक्त लयीने बदलला. जिथे पूर्वी आरोळी होती, तिथे आता ओळीनंतर जागा सोडलेली आहे. गिटारचा एकच आघात घुमत राहतो. माउथ ऑर्गन आत येतो तेव्हा सूर दीर्घ आणि एकाकी लागतो. आणि लोक? गाणं ओळखल्यावर ते आधी आनंदाने ओरडतात, पण त्या लयीला मुठी उंचावता येत नाहीत, आणि हळूहळू ते ऐकू लागतात. हजारो माणसांची ती शांतताही माइकने टिपली आहे.

रॉक म्हणजे गोंगाट, असं आपल्याकडे अनेक जाणकार रसिकही म्हणतात. लयीचा विचार, एकाच रचनेला नव्या रूपात मांडणं, श्रोत्यांना सोबत घेऊन जाणं या गोष्टींना जो रसिक मैफलीत दाद देतो, त्याला या २४ मिनिटांत दाद देण्यासारखं पुष्कळ सापडेल. श्रोतेहो, ऐकताना आधी १९७५चं ‘बॉर्न टू रन’ पूर्ण ऐका आणि पाठोपाठ हे १९८८चं. मग डिलनचं ‘चाइम्स ऑफ फ्रीडम’ आणि लगेच स्टॉकहोमचं. आवाज नेहमीपेक्षा जरा वाढवा, आणि पहिल्या खेपेला गायकाऐवजी समोर बसलेल्या लोकांकडे कान द्या.