मनमाडच्या तीन बाभळी

मनमाडच्या भोवती, अंकाई-टंकाई या किल्ल्यांच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या पर्जन्यछायेतील माळावर वृक्षपरिचयाची पदभ्रमंती करणाऱ्यास देशी वृक्ष, म्हणजे या भूमीत निसर्गतः उगवत आलेले वृक्ष, आणि माणसाने परमुलखातून आणलेले विदेशी वृक्ष यांतील भेद बाभळींपासूनच समजून घेता येतो. देशी बाभळीला पिवळ्या गेंदासारखी फुले येतात, दोन बियांमध्ये आवळलेल्या तिच्या शेंगा मण्यांच्या माळेसारख्या दिसतात आणि तिच्या काटेरी फांद्यांवर सुगरणीची घरटी लोंबतात. मेक्सिकोकडून आलेल्या सुबाभळीला काटे नसतात, फुले पांढरी असतात आणि शेंगा चपट्या असतात. वेडी बाभूळही अमेरिका खंडातलीच. तिच्या गोड शेंगा गुरे-शेळ्या खातात, बिया शेणालेंड्यांतून दूरवर पडतात आणि ती मोकळे माळ झपाट्याने व्यापते, त्यामुळे तिला आक्रमक, म्हणजे स्थानिक वनस्पतींना हुसकावणारी, जाती मानले जाते.

प्रत्येक विदेशी वृक्षाला मात्र हाच दोष लावणे अन्यायाचे ठरेल, कारण मादागास्करचा गुलमोहर रस्त्याकडेला शोभा देतो आणि वेड्या बाभळीसारखा माळ गिळत नाही. तरीही माळांवर देशी वृक्ष परत आणण्याचे प्रयत्न होत आहेत: नाशिकजवळ सातपूरच्या वनजमिनीवर 2015 पासून ‘नाशिक देवराई’ या लोकसहभागाच्या उपक्रमातून देशी वृक्षांचे वन वाढवले जात आहे. मनमाडच्या कोरड्या माळावर असे वन वाढवायचे असल्यास कमी पाण्यावर तगणारे हिवर, खैर, बोर आणि कडुनिंब यांसारखे वृक्ष प्रथम निवडावे लागतील.