पहिली नोकरी सोडताना



पहिली नोकरी कशी मिळवायची, हे तुम्हाला इथे कॉलेजात शिकवलं जातं. ती सोडायची कशी, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींशी मला आज त्याबद्दल बोलायचंय.

डिप्लोमा झाल्यावर मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात लागलो. चौदा महिन्यांनी दुसरीकडे मुलाखतीला गेलो. "का सोडताय?" असं विचारल्यावर सुपरवायझरची आरडाओरड, रखडलेला पगार, सगळं बोलून मोकळा झालो. त्यातलं काही खोटं नव्हतं. समोरच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे शिकलात काय?" मला उत्तरच सुचेना. ज्या वयस्कर कारागिरांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवलं, त्यांची आठवणही मला त्या खोलीत झाली नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, नोकरी जरूर बदला. वर्ष-दीड वर्षात बदललीत म्हणून तुम्ही बेइमान ठरत नाही. पण मुलाखतीत जुन्या जागेचं गाऱ्हाणं मांडू नका. पुढे काय करायचंय ते सांगा. घरावर कर्ज आहे, जास्त पगार हवाय, हेही सरळ सांगा. त्यात लाज कसली? सध्याच्या पगाराचा आकडा सांगाल तो खराच सांगा.

नवं नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. नोटिशीचा काळ कुठे एक महिना असतो, कुठे तीन. सही करण्याआधी तो वाचा आणि जाताना पुरा करा. रिलीव्हिंग लेटर मागून घ्या. आणि पीएफ! नोकरी बदलली की तो काढून मोबाइल घेणारी मुलं मी पाहतो, तेव्हा जीव तुटतो. पीएफचा यूएएन क्रमांक तोच राहतो, रक्कम नव्या खात्यात वळवता येते. पेन्शनसाठी लागणाऱ्या १० वर्षांत ही सुरुवातीची वर्षंही धरली जातात.

आता मी टेबलाच्या पलीकडे बसतो. नोकरी स्वीकारून रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद ठेवणारे उमेदवार भेटतात. त्या जागेसाठी आम्ही दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हटलेलं असतं, हे त्यांच्या ध्यानातही नसतं.

मध्यंतरी एका मुलीचा फोन आला. "सर, मला दुसरीकडे संधी मिळालीय, मी येऊ शकणार नाही. तुमचा खोळंबा नको म्हणून आजच कळवते." दोन मिनिटांचं बोलणं. त्याच दुपारी आम्ही यादीतल्या पुढच्या मुलाला फोन लावला. क्षणभर तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "सर, एक मिनिट थांबता का? आईला सांगून येतो."