मोटारीतील सबवूफरची जोडणी



मोटारीत मोठ्याने गाणी लावण्याची हौस हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. त्या हौसेविषयी मला काहीच म्हणावयाचे नाही. शेजाऱ्यांना पुष्कळ म्हणावयाचे असते, ते त्यांनी म्हणावे. मला बोलावयाचे आहे ते बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या तारेविषयी. मोटारीतील बॅटरी बारा व्होल्टांची असते. तिला हात लागला तरी झटका बसत नाही, आणि म्हणूनच मनुष्य तिच्याबाबतीत बेफिकीर होतो. परंतु येथे भय झटक्याचे नसून आगीचे आहे.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. सबवूफरला ५०० वॅट पुरविणारा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः त्याहून अधिक शक्ती घेतो, कारण काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ही शक्ती ७०० वॅट धरू. घरातील २३० व्होल्टांवर एवढ्या शक्तीला सुमारे ३ अँपिअर प्रवाह पुरतो; बारा व्होल्टांवर मात्र जवळजवळ ६० अँपिअर लागतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूल याने १८४१ मध्येच दाखवून दिले होते. आता घरातील मोठ्या प्लगसाठी वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार कोणी बॅटरीपासून मागच्या डिकीपर्यंत पाच मीटर नेली, तर ६० अँपिअरला त्या तारेतच दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे १२४ वॅट उष्णता निर्माण होते. तीही पायाखालच्या गालिच्याच्या आत, जेथे वारा नाही. सोळा चौरस मिलिमीटरची तार घेतली की हाच आकडा २० वॅटांच्या आत येतो. संगीत अखंड शिगेला पोचलेले नसते, त्यामुळे प्रत्यक्षात सरासरी प्रवाह पुष्कळ कमी असतो, हे खरे. पण तार निवडावयाची ती सर्वांत वाईट क्षण डोळ्यांपुढे ठेवून. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. ती दिसते जाड, परंतु तितक्याच जाडीच्या तांब्याएवढा प्रवाह तिला पेलत नाही.

फ्यूजविषयी मात्र मला थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण येथे मी स्वतः चुकलो आहे. माझ्या पहिल्या जोडणीत फ्यूज होता. पण तो होता डिकीत, अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारी. यंत्र सुरक्षित राहिले म्हणजे झाले, अशी माझी समजूत होती. इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्याच्या भोकातून तार तशीच ओवली होती. काही महिन्यांच्या हादऱ्यांनी पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण कापले आणि एका संध्याकाळी पायाशी धूर दिसू लागला. प्रवाह बॅटरीतून निघून वाटेतच मोटारीच्या सांगाड्यात शिरत होता. मागच्या फ्यूजपर्यंत तो पोचतच नव्हता, मग फ्यूज वितळणार कसा? बॉनेट उघडून बॅटरीची तार ओढून काढली, म्हणून गाडी वाचली. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणून तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, फार तर पंचेचाळीस सेंटिमीटरांवर बसवावयाचा. त्याचा आकडा तारेला जेवढा प्रवाह पेलतो त्याहून मोठा नसावा. पत्र्याच्या भोकात रबरी कडे बसविण्यास चार पैसे लागतात. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे आणि शेवटी जोडावे. अन्यथा धन टोकावरचा पाना सांगाड्याला टेकला की ठिणग्या उडतात.

अ‍ॅम्प्लिफायरची ऋण तार आखूड आणि धन तारेइतकीच जाड असावी. ती रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट आवळावी. रंगावर आवळलेली तार सैल नळासारखी कुरकुरत राहते.

आता सबवूफरची बाजू. चार ओहमांचे दोन सबवूफर एकसर जोडले तर अ‍ॅम्प्लिफायरला आठ ओहम दिसतात, समांतर जोडले तर दोन. काही सबवूफरांत दोन वेटोळी असतात. चार-चार ओहमांची अशी चार वेटोळी समांतर जोडली की उरतो एकच ओहम. ज्या अ‍ॅम्प्लिफायरला किमान दोन ओहम हवेत, त्याच्याकडून मग दुप्पट प्रवाह मागितला जातो आणि त्याचे ट्रान्झिस्टर तापून जळतात. दोन वाहिन्या एकत्र करून एक सबवूफर चालविताना प्रत्येक वाहिनीला निम्माच भार दिसतो, म्हणून तेथे बहुधा किमान चार ओहम सांगितलेले असतात. त्या यंत्राची पुस्तिका वाचण्याचा कंटाळा करू नये. जोडणीपूर्वी मीटरने मोजून पाहावे. चार ओहमांचे वेटोळे मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवील. त्यात दोष नाही. धन-ऋण उलटे झाले तर काही जळत नाही, परंतु दोन पडदे परस्परविरुद्ध हलून खर्जातील आवाज एकमेकांना पुसून टाकतात, आणि मालक उगाच आवाज वाढवीत बसतो.

सर्व जोडून झाल्यावर अर्धा तास संगीत चालू ठेवावे आणि मग तार, फ्यूजची बैठक व ऋण तारेचा बोल्ट यांना हात लावून पाहावा. जेथे हाताला चटका जाणवेल तेथली जोडणी त्याच दिवशी पुन्हा करावी.