अलिबागला निघताना तिथी पाहा

मुळशीतल्या जांबे गावाहून सहलीला निघायचं, तर खोपोली, पेण, वडखळमार्गे अलिबाग गाठता येतं.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर उभा आहे कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झालं. पुढे हा किल्ला कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं महत्त्वाचं ठाणं बनला. आतलं सिद्धिविनायकाचं मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलं.

ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं. ती वेळ कशी ओळखायची? कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज झाला. पाण्यात उतरण्याआधी स्थानिकांना जरूर विचारा.

अलिबाग गावात कान्होजींची समाधी आहे. भूचुंबकीय वेधशाळाही इथलीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ पासून इथे मोजमाप सुरू झालं.

हाताशी आणखी एक दिवस असेल, तर वरसोली किंवा नागावच्या पुळणीवर निवांत फिरा. इतिहासाची ओढ असेल, तर रेवदंडा आणि कोर्लईचे पोर्तुगीजकालीन किल्ले पाहा. कोर्लईत आजही काही कुटुंबं पोर्तुगीज आणि मराठीच्या मेळातून घडलेली बोली बोलतात.