सावलीतलं फूल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



“तीस वर्षांत काय केलंस ते सांग,” असं संयोजकांनी बजावलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये सांगण्यासारखं फारसं नसतं. एकाने केलेल्या चुका दुसऱ्याने शोधायच्या, एवढंच. म्हणून आज एका फुलाबद्दल बोलते.

मी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात राहते. तिथे वस्तीला लागूनच ‘पाइन बुश’ नावाचं रान आहे. जमीन म्हणजे नुसती वाळू. हिमयुगाच्या अखेरीस तिथे मोठं सरोवर होतं. ते आटलं आणि मागे राहिलेल्या वाळूच्या वाऱ्याने टेकड्या रचल्या. त्यांवर पिच पाइन, खुरटे ओक आणि मेच्या सुमारास फुलणारं रानटी ल्युपिन. हे आपल्या तागाच्या कुळातलं झाड. निळ्याजांभळ्या फुलांचा उभा तुरा आणि तळहाताच्या बोटांसारखी पसरलेली पानं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणून वाळूतही त्याचं भागतं. शेंगा वाळल्या की तेरड्याच्या बोंडासारख्या तडकतात आणि बिया उडवतात.

काही वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. घरात बसवेना म्हणून रोज त्या रानात चालायला जायचे. एके सकाळी पाहते तर एक अख्खा तुकडा काळा ठिक्कर. मला रागच आला. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, “आम्हीच जाळला.”

मग त्याने समजावलं. पूर्वी या रानात अधूनमधून आग लागायची. माणसाने ती काळजीपोटी विझवत ठेवली, तशी झुडपं माजली, सावली दाट झाली. ल्युपिनला हवं ऊन. ते हळूहळू मागे हटलं. त्याच्याबरोबर ‘कार्नर ब्लू’ हे इंचभर पंखांचं निळं फुलपाखरूही घटलं, कारण त्याच्या अळ्या ल्युपिनची पानं सोडून दुसरं काही खात नाहीत. या फुलपाखराला शास्त्रीय ओळख दिली ती कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह यांनी. 1992मध्ये अमेरिकन सरकारने त्याला संकटग्रस्त ठरवलं.

आग लावतात तीही मापून. वारा कुठून कुठे, हवेत ओलावा किती, धूर कुठल्या वस्तीवर जाईल, सगळं पाहून. एका वेळी एकच तुकडा. नाहीतर अंडी-अळ्याही जळून जायच्या. आपल्या कोकणात तरवा भाजताना वाऱ्याचा अंदाज घेतात ना, तसंच. पण म्हणून आपल्या डोंगरावर कुणी काडी लावू नका हं! ते रान वेगळं, हे वेगळं.

पुढच्या मेमध्ये मी त्या तुकड्यापाशी गेले. ल्युपिन फुललं होतं. मी म्हटलं, “राखेतून उगवलं!” तो हसला. “राखेचं कौतुक नको. झाड इथेच होतं, सावलीत दबलेलं. आम्ही फक्त वाट मोकळी केली.”

त्या क्षणी मला आठवी आठवली. गणितात मी शेजारच्या मैत्रिणीच्या वहीवर जगत होते. ती आज समोर बसून हसतेय. गणिताच्या बाईंनी ते ओळखलं आणि मला उचलून पहिल्या बाकावर एकटीला बसवलं. पुढच्या चाचणीत पंचवीसपैकी नऊ. मी वर्गात रडले. घरी सांगितलं, बाई दुष्ट आहेत. त्या मात्र रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास माझ्यासाठी थांबत. ते मला उपकार वाटले नाहीत, शिक्षा वाटली. निरोप समारंभात सगळ्यांच्या पाया पडले आणि बाईंना मुद्दाम टाळलं. पुढे अभियांत्रिकीला गेले, ती त्याच गणिताच्या जोरावर. तरीही तीस वर्षांत एक पत्र लिहिलं नाही.

बाई, तुम्ही आज दुसऱ्या रांगेत बसला आहात. मला तेव्हा फक्त आग दिसली; वारा बघून, वेळ काढून, शेजारी उभं राहून तुम्ही ती लावली होती, हे दिसलं नाही.

भाषण इथेच थांबवते. राहिलेला नमस्कार करायला खाली येते आहे.